सरळ मानेचा फोटो

ते मला एकदाच भेटले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, माझ्या तंजावूरच्या दवाखान्यात. जवळच्या ओरत्तनाडू गावचे साठीचे गृहस्थ. मान उजव्या खांद्याकडे कललेली, जणू कुठेतरी गाणं चालू आहे. महिनाभर जिना उतरताना त्यांना एका पायरीच्या दोन दिसत होत्या. कुणीतरी मेंदूत गाठ असल्याची भीती घातली होती. सोबतच्या बायकोचे डोळे रडून सुजले होते.

गाठ नाही, यावर मी मात्र ठाम होतो. डोळा खाली वळवणारी चौथी नस, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांत सगळ्यांत बारीक, डाव्या बाजूची दुबळी होती. ती जन्मापासूनची असेल तर दोनाचं एक दिसावं म्हणून मान लहानपणापासूनच कललेली असते. वय झालं की हा सांभाळलेला तोल सुटतो आणि मान कलवूनही दोन दिसू लागतात. म्हणून आम्ही डोळ्यांचे डॉक्टर जुना फोटो मागतो.

त्यांनी पाकिटातला लग्नाचा फोटो पुढे केला. मान एकदम सरळ! म्हणजे दुखणं नवं. मी मद्रासच्या स्कॅनची चिठ्ठी लिहायला घेतली.

"स्टुडिओवाल्यानं हनुवटी धरून सरळ केली हो," ते म्हणाले. "सगळ्यांचीच करायचा. तेव्हा मला दोन स्टुडिओवाले दिसत होते."

"मग बोलला का नाहीत?" बायकोने विचारलं.

"फोटो निघताच शेजारी बघितलं तर तूही दोन. घाबरून मान परत वाकडी केली."

ती खळखळून हसली. मी चिठ्ठी फाडली.

जुना फोटो मी अजूनही मागतो. पण आधी विचारतो, काढला कोणी?