दोन झाडं अन् साहेबाची जाळी

ह्यातल्या एका बी शब्दावर विश्वास ठेवून दाखव! ठेवला त तू येडा, नाही ठेवला त तुले चहा नाही. मले काय? माहे दात गेले, पन खोटं बोलाले दात लागत नाही.

किस्से कसे जमते, सांगू? कापूस वेचताना वटीत जमते तसे. एक बोंड, अजून एक बोंड. वजन लागतच नाही. मंग उठाले गेलं का समजते, वटी कमरीले ओढून राह्यली! माही वटी भरली झरीकडच्या जंगलात, एकाच हिवाळ्यात. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात. तांड्यातले वीसेक मानसं झाडतोडीच्या कामावर गेलते. मी नवी सून. शाळेतून दुसरीतच पळून आलेली, अन् खोड्या काढाले एक नंबर!

*

पयले माही सासू सांगतो. आमच्यात आईले याडी म्हनते. सासूले बी मी याडीच म्हनो. बाई वाळेल काडीसारखी, पन हातभर बांगड्या. चालली का खळखळ, थांबली का भेव.

लगन होऊन आठ दिवस नाही झाले, त म्या तिच्या तंबाखूत मिरचीची भुकटी टाकली. दाराआड उभी राह्यली, आता नाचते म्हनून! तिनं चिमूट टाकली. चावली. डोयातून पानी आलं, पन तोंड हललं नाही. पुरी चावली, थुकली, अन् मले हाक मारली.

"लिंबे, चांगली हाय वो. अजून हाय का?"

त्या दिवसापासून मी तिले भेत होती.

*

त जंगलात फारेस्टचा एक साहेब होता. नवा, चष्मेवाला. विंचवाले असा भे, का रात्री खाटेवर बी बूट घालून निजे. मंग त्यानं नागपूरहून मिलटरीच्या जुन्या सामानातली दोराची जाळी आनली. दोन झाडायले बांधाची अन् मधात निजाचं. इंग्रजी नाव होतं तिचं, माही जीभ अटके. आम्ही जाळीच म्हनो.

साहेब जाळी घेऊन फिरून राह्यला, अन् झाडं सापडून नाही राह्यले. एक हाय त दुसरं कोसभर!

भीमू कोलाम आमच्यासंग झाडं तोडे. साहेब त्याले चिडून म्हने, "अरे, जंगल आहे ना हे? जवळजवळची दोन झाडं नाहीत?"

भीमू म्हने, "व्हती साहेब. कालपरेंत व्हती. तुमीच मार्का मारला ना, तोडा म्हनून."

*

शेवटी दोन झाडं पसंत पडले. नाल्याच्या ह्या काठावर महू, त्या काठावर ऐन. मधात तीस हात! जाळीचा दोर पाच हात. मंग बैलबंड्यायचे दोर सोडून जोडले.

साहेब म्हने, "ओढा! एकदम टाइट! खाटेसारखी सरळ पाहिजे."

सहा गडी इकडून, सहा तिकडून. दोर असा तानला का बोट लावलं त वाजे. याडी म्हने, "साहेब, इतका नोका तानू. दूरच्या झाडाचा दोर तानला का तो मानसाले झेलत नाही, झाडायसंगच भांडते."

"आजी, मी शिकलेला आहे."

शिकलेला साहेब काठावरून जाळीत बसला. फटाक! तुटेल दोर भीमूच्या डोयापासून एक बोटावरून गेला, अन् त्याचा पटका उडवून महूवर टांगून आला. भीमूनं एक डोया झाकला, मंग दुसरा झाकून पाह्यला, दिसते का म्हनून. साहेब वाळूत बसेल, चष्मा एकाच कानाले.

"कोण हसलं?"

खरं त मीच हसली होती. आता साऱ्यायचं काम जाते, असं वाटलं. याडी हात जोडून म्हने, "पटका हसला साहेब. वरून त्यालेच सारं दिसलं."

*

मंग याडीनं बांधली. तिच्या सासऱ्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाहेल होतं, दोराची अक्कल घरचीच. ऐनाले दोर उंच बांधला. महूच्या उंच बेचक्यातून दुसरं टोक घेतलं, खाली आनलं, अन् मुळाले गाठ मारली. मधात ढिला सोडला. जाळी नाल्याच्या मधोमध लोंबे, मानसाच्या डोक्याइतकी उंच. खाली घागरीएवढे धोंडे. बंडी खाली लावाची, साहेबानं बंडीतून जाळीत चढाचं, मंग बंडी काढून घ्याची. साहेब लेकरासारखा झुले!

एका दुपारी साहेब वर, बंडी दूर, अन् नाल्यातल्या डबक्यावर पान्याले अस्वल आलं.

आम्ही बाया काठावरच्या झुडपात. याडीनं हातानंच सांगितलं, चूप. अस्वल पानी पेलं, मुंडकं वर केलं अन् दोन पायावर उभं राह्यलं. साहेबाची पाठ जाळीतून दिसे. अस्वलाचं नाक अन् पाठ, मधात वीतभर जागा. नाक फुसफुस करे. साहेब मेल्यावानी पडेल. एक शिंक आली असती त संपलंच होतं!

मंग अस्वलाले काय वाटलं, खाली बसलं, अंग खाजवलं, अन् निंगून गेलं.

बाया पळाल्या. मी मांगं राह्यली. गंज वेळानं वरून बारीक आवाज आला, "गेलं का?"

म्या झुडपातून म्हनलं, "नाही साहेब. बसलं हाय. तुमच्याच खाली."

पार ऊन उतरेपर्यंत साहेब हलला नाही! मंग भीमू घागर घेऊन नाल्यातून गानं म्हनत आला. साहेब वरून म्हने, "भीमू, पळ! अस्वल!"

"कुठी साहेब? ते त कवाचंच गेलं!"

*

त्या संध्याकाळी याडी माह्यासमोर बसली. आवाज चढवला नाही, म्हनून जास्तच भेव वाटलं.

"लिंबे, आता एक जरी खोड केली, त फुलसावंगीले माहेरी सोडून येतो. मंग तिथंच राह्यजो."

माहेरी सावत्र माय. सासरहून परत आलेल्या पोरीले तिथं भाकर भेटे, पन हातात नाही, फेकून. म्या शपथ घेतली.

पन साहेबानं सजा दिली, रोज दुपारी जाळीले झोका द्याचा! मी धोंड्यावर उन्हात उभी, अन् तो वर घोरे. पाच दिवस हात शिवशिवले. सहाव्या दिवशी, सारे कामात असताना, म्या महूच्या मुळाची गाठ ढिली केली. तीन येढे काढले, एक ठेवला. साहेब बसला का येढा सुटन, अन् तो खालच्या बंडीतच पडन. बंडीत वाळल्या गवताची तनस होती, हाडाले काही होनार नव्हतं. नुसती फजिती!

दुपारी समजलं, साहेब सकाळीच झरीले गेला.

अन् याडी म्हने, "आज जाळी रिकामी हाय. माही कंबर धरली, मीच निजतो जराशी."

गाठ सोडली म्हनून सांगतो त माहेर. नाही सांगत त...

याडी सरळ बंडीत नाही चढली. पयले महूपाशी गेली, वाकून मुळापाशी तंबाखू थुकली, मंग आली. म्या म्हनलं, सारं जंगल सोडून हिले थुकाले तेच झाड भेटलं का! भीमूनं तिले वर चढवलं. आता सुटन, म्हनून म्या डोये झाकले.

सुटलंच नाही! बाई हलकी, काडीसारखी. एका येढ्यानं तिले धरलं. भीमूनं बंडी काढून नेली. खाली नुसते धोंडे.

मी महूकडे पळाली. येढा सरकून राह्यला होता. याडीनं श्वास घेतला का एक बोट. बांगडी वाजली का एक बोट. म्या दोराले हात घालाले अन् येढा सुटाले एकच गाठ पडली. दोर सर्रकन हातभर पळाला, तळहाताची साल घेऊन गेला! पाय मुळाले लावले, पाठीवर पडली, अन् धरला. बेचक्यात दोर घासे म्हनून झेपलं, नाहीतर मीच वर गेली असती.

गाठ मारावं त हात मोकळा नाही. ओरडावं त याडी दचकून उठन, अन् झटका बसन. नवरा समोरच ऐनाच्या पल्याड कुऱ्हाड चालवून राह्यला, पन त्याचं नाव कसं घ्यावं? हळूच म्हनलं, "अजी!" भीमूनं पाह्यलं. अजून दोघायनं पाह्यलं. ज्याचं काम होतं त्यानंच नाही पाह्यलं! भीमूले मान हलवून बलावलं, त तो समजला मी गानं म्हनून राह्यली. तो बी मान हलवाले लागला!

दोरावर रक्त आलं, अन् दोर निसटाले लागला. म्या मनगटाले येढा घेतला. मनात म्हनो, सोड, लिंबे, हात सोड. दोर तुटला म्हनून सांगू, कोनाले मालूम? मंग जाळीकडे पाहो. बांगड्या हळूहळू वाजे.

भाकरीची सुटी झाली तवा नवरा आला. "काय करून राह्यली वो?"

"दोर धरून राह्यली. गाठ मारा पयले, मंग इचारा!"

त्यानं गाठ मारली. भीमूनं बंडी आनली. याडी उतरली. डोयावर झोपेचं नाव नाही! खळखळ करत माह्याजवळ आली. माहे दोन्ही हात उलटे करून पाह्यले. कमरीचा तंबाखूचा बटवा काढला, अन् लेकाले म्हने, "हिले फुलसावंगीले नाही न्याचं."

तो बिचारा गोंधळला. "कोन नेऊन राह्यलं? काहून?"

याडीनं चिमूट तोंडात टाकली. चावली. मंग म्हने, "गाठीपरीस बरी हाय."

माहे हात काय पाहून राह्यला? जाय आता!