गेटपासची खिडकी

दिघीच्या ऑफिसात मी लागले ती रिसेप्शनवर. नवरा कुवेत सोडून कायमचा घरी आला होता, मुरूडच्या बाजारात त्याने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, आणि दुकानाचा जम बसेपर्यंत घरात दुसरा पगार हवा होता. आमचं गाव आगरदांड्याच्या बाजूला. रोज सकाळी फेरीबोटीने खाडी ओलांडायची, पलीकडे उतरलं की पाच-सात मिनिटांवर ऑफिस. बंदरातला माल ट्रकांत भरून पुढे पाठवायचं काम आमची कंपनी करते. मोठं ऑफिस मुंबईत, साहेबही मुंबईत. ते आठवड्यातून एकदा यायचे.

फोन घ्यायचे, आल्यागेल्याला बसवायचं, टपाल वाटायचं, यात माझी काही वर्षं बरी गेली. मग आमचे अ‍ॅडमिन ऑफिसर नोकरी सोडून पुण्याला गेले. पुढच्या भेटीत साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "त्यांचं काम तुम्ही बघा."

मला वाटलं, नवा माणूस येईपर्यंत. म्हटलं, "बघते सर. किती दिवस?"

"नवा माणूस म्हणजे तुम्हीच," ते म्हणाले.

मी मराठी शाळेत शिकलेली. बी.ए. झाले तेही घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन. इंग्रजी मेल लिहायचा तर आधी जुना एखादा उघडून बघायची. पण साहेबांसमोर यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. "बरं," म्हणून मी बाहेर आले आणि रिसेप्शनवर वाजणारा फोन उचलला. तो उचलायचं काम आता आपलं नाही, हे दोन वाक्यं बोलून झाल्यावर लक्षात आलं.

अ‍ॅडमिनचं काम बाहेरून दिसत नाही. पाण्याचे जार, जनरेटरचं डिझेल, हजेरी, रजा, मोडलेली खुर्ची, तुंबलेलं बेसिन, हे सगळं त्यात येतं. पहिल्याच आठवड्यात एसीवरून दोन टेबलांमध्ये जुंपली. एकाला गारठा सोसत नव्हता, दुसऱ्याला घाम. आधी मी दोघांचीही मैत्रीण होते, त्यामुळे दोघांनाही निकाल आपल्या बाजूने हवा होता. मी टेबलांची जागा बदलली. दोघेही माझ्यावर रुसले, तेव्हा मला वाटलं, निकाल बहुतेक बरोबर असावा.

जड गेलं ते काकांचं. काका आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने गृहस्थ, दिघीच्याच बाजूच्या बोर्लीचे. डिस्पॅच त्यांच्याकडे. ट्रक भरला की त्याचा गेटपास तेच खिडकीतून द्यायचे, आणि तो पास असल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडायची नाही. मी नवीन होते तेव्हा कोणत्या कंपनीचा माणूस कोण, कोणाला आधी चहा द्यायचा आणि कोणाला नुसतं बसवून ठेवायचं, हे सगळं त्यांनीच मला शिकवलं. मला ते 'पोरी' म्हणायचे. माझं नेमणुकीचं पत्र आलं त्या दुपारी ते डबा घेऊन आमच्या टेबलावर आले नाहीत, डिस्पॅचच्या कोपऱ्यात एकटेच जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली ती 'मॅडम' म्हणून. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काही बोलले तरी असते.

आषाढातली गोष्ट. सकाळपासून वारा वाढत होता आणि जेवणाच्या सुमारास खाडीचा रंग मातकट झाला. हवामानाचा इशारा सगळ्यांच्या फोनवर आला होता. मागच्या वर्षी अशाच एका दिवशी फेरी बंद झाली होती आणि आमच्या बाजूची माणसं ऑफिसातच टेबलं जोडून झोपली होती, कारण रस्त्याने जायचं म्हटलं तर खाडीला भला मोठा वळसा घालावा लागतो. या वेळी आमच्यातल्या एकीला सातवा महिना होता. ती दर थोड्या वेळाने खिडकीतून खाडीकडे बघत होती.

मी साहेबांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग मेसेज केला, त्याचंही उत्तर नाही. शेवटी मी मधल्या हॉलमध्ये उभी राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांनी आवरा. ऑफिस सोडतोय."

नुसत्या आमच्या बाजूच्यांना सोडलं असतं तर म्हणाले असते, मॅडमनी आपल्या माणसांची सोय बघितली. म्हणून सगळ्यांनाच सोडलं. काकांना म्हटलं, "काका, खिडकीही बंद करा."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. "तुमची मर्जी, मॅडम," म्हणाले आणि फळी ओढून घेतली.

फेरी चांगलीच हलत होती. ती सातवा महिना असलेली मुलगी माझा हात धरून बसली होती. पलीकडे उतरलो तेव्हा मला फार बरं वाटलं, आपण काहीतरी केलं असं. घरी जाऊन चहा घेतला, आणि तेवढ्यात वारा पडला. संध्याकाळी तर स्वच्छ ऊन आलं. नवरा दुकानातून आला तो म्हणाला, "अगं, फेरी तर चालू आहे. आत्ता गाड्या उतरल्या."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या रस्त्याला लागले तर गेटच्या आत ट्रकांची रांग. भरलेल्या गाड्या, पास नाही म्हणून जागच्या जागी उभ्या. ड्रायव्हर केबिनमध्येच झोपले होते. उरणकडचे एक म्हातारे ड्रायव्हर टायरला टेकून उभे होते. मला बघून त्यांनी विचारलं, "हितल्या मॅडम तुमीच काय?"

"हो."

"काल दुपारपास्नं उभा हाय मी. खिडकी बंद. न्हाय म्हनायलाबी कुनी नव्हता. न्हाय म्हनला असता, तर जाऊन कुठं जेवलो तरी असतो."

ते चढ्या आवाजात बोलले असते तर मला बाजू मांडता आली असती. ते साधंच बोलले. मी कँटीनमध्ये सांगून सगळ्यांसाठी चहा, पाव आणि अंडी मागवली, आणि काकांच्या शेजारी उभी राहून पास द्यायला लागले. दुपारपर्यंत रांग गेली. काका कामापुरतंच बोलले.

मग साहेबांचा फोन आला.

"कोणाला विचारून ऑफिस सोडलं?"

"तुम्हाला फोन लावला होता सर. लागला नाही. मग मीच ठरवलं."

"आणि जे ठरवलं ते चुकलं."

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी म्हटलं, "माणसं सोडली ते नाही चुकलं. खिडकी बंद केली ते चुकलं."

"मग पुढच्या वेळी काय कराल?"

"अजून माहीत नाही सर."

"मग शोधा," ते म्हणाले. "आणि दर वेळी माझ्या फोनची वाट बघत बसू नका."

फोन ठेवला तरी मला कळेना, हे रागावणं होतं की मोकळीक. घरी गेले तेव्हा मला तरी ते रागावणंच वाटत होतं. सासूबाई, आम्ही सगळेच त्यांना अम्मी म्हणतो, ओट्यापाशी बसून कोळंबी सोलत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "साहेबांना सांगते, मला परत रिसेप्शनवर बसवा. मला हे झेपणारं नाही."

अम्मींनी हातातली कोळंबी संपवली. मग म्हणाल्या, "चुकलीस ते सगळ्यांना कळलं ना?"

"सगळ्यांना."

"मग आता लपवायला काय राहिलं? आता निवांत काम कर."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. त्यांना ते विनोदाचं वाटलंच नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी माझा डबा घेऊन डिस्पॅचच्या कोपऱ्यात गेले आणि काकांसमोर खुर्ची ओढली. त्यांनी आपला डबा जरा बाजूला सरकवला.

"काका, मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. पण हुकूम म्हणून नाही."

"हुकूम सोपा असतो, मॅडम. ऐकायचा आणि गप्प बसायचं."

"त्या दिवशी खिडकी बंद करताना तुम्हाला माहीत होतं का, गाड्या अडकणार म्हणून?"

"माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "आणि खरं सांगू? मीही बघत होतो, तुम्ही काय करताय ते."

मी माझा डबा उघडला. मग तेच पुढे बोलले. "मला वाटलं होतं, साहेब मला विचारतील. या कामाचं. मी घेतलं नसतं कदाचित. इंग्रजी पत्रं, मुंबईच्या मीटिंगा, मला नको हे सगळं. पण विचारायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "विचारायला हवं होतं."

त्यांना बहुधा तेवढंच हवं होतं. त्यांनी माझ्याकडे त्यांची सुक्या जवळ्याची चटणी सरकवली. जेवता जेवता आम्ही ठरवलं: वारा वाढला की खाडीपलीकडची माणसं आधी निघतील, दिघी-बोर्लीची थांबून खिडकी चालवतील, आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी उशिरा येतील. उशिरा यायची कल्पना काकांची. "थांबायचं म्हटलं तर कोणी थांबणार नाही," ते म्हणाले. "सकाळची झोप द्या, मग बघा."

गणपती होऊन गेल्यावर पुन्हा तसाच दिवस आला. या वेळी मला जास्त भीती वाटत होती, कारण चुकणं म्हणजे काय ते आता ठाऊक होतं. सकाळभर मी नुसती ऑफिसच्या दारात जाऊन खाडी बघून येत होते. शेवटी काकांकडे गेले. "काय वाटतं?"

"वाऱ्याचं मला नाही कळत," ते म्हणाले. "पण खिडकी मी सांभाळतो. तुम्ही सोडा."

मी आमच्या बाजूच्यांना सोडलं. स्वतः मागे थांबणार होते, पण काकांनी मला बाहेर काढलं. "तुम्ही थांबलात तर सगळी तुमच्याच तोंडाकडे बघत बसतील. तुम्हीही जा."

त्या दिवशीही फेरी शेवटपर्यंत चालू राहिली. वारा आमच्या मागोमाग थकला. फेरीवर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही ऑफिस सोडलं की हवा सुधारते." सगळ्या हसल्या, मीही हसले. हसता हसता एकीकडे काकांना फोन लावत होते. ते म्हणाले, "तीन गाड्या गेल्या, दोन उभ्या आहेत. आता मला काम करू द्या."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, "गाड्या गेल्या का?"

"गेल्या सर."

"बरं," म्हणाले, आणि दुसऱ्याच विषयावर गेले. ते दुसऱ्या विषयावर गेले याचा मला केवढा आनंद झाला, हे कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात एकदा फेरी खरोखरच बंद पडली, तेव्हा आमच्या बाजूची सगळी माणसं आपापल्या घरी पोचलेली होती. तोवर कोणाला त्याचं फारसं काही वाटेनासं झालं होतं.

त्या दिवाळीनंतर मला पहिल्यांदा मुंबईच्या मीटिंगला बोलावलं. मुरूडहून एसटीने अलिबाग, तिथून मांडवा, आणि पुढे बोट. रोज खाडी ओलांडणारी मी, पण त्या बोटीत सगळा वेळ इंग्रजी वाक्यं मनात घोकत होते. लांबलचक टेबल, सगळे इंग्रजीत बोलत होते. माझी पाळी आली तेव्हा साहेब म्हणाले, "दिघीचं काही?"

मी ठरवून गेले होते की इंग्रजीत बोलायचं. दोन वाक्यं बोललेही. मग सरळ हिंदी-मराठीवर आले. म्हटलं, आमच्याकडे खिडकीसमोर ड्रायव्हर लोकांना उभं राहायला छप्पर नाही. पावसात भिजतात, उन्हात तापतात. शेड हवी, बसायला बाकं हवीत, पिण्याचं पाणी हवं. कोणीतरी विचारलं, ते तर आपले कामगार नाहीत ना? मी म्हटलं, "नाहीत. पण उभे आपल्या दारात असतात."

लगेच कोणी हो म्हटलं नाही. बरेच महिने गेले, मी दर वेळी तोच विषय काढत राहिले. शेवटी या वर्षी होळीनंतर मंजुरी आली.

गेल्या आठवड्यात शेडचे खांब उभे राहिले. पत्रे घालणारा माणूस, काका आणि मी तिथे उन्हात उभे होतो. काका पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मला ते अजून 'मॅडम'च म्हणतात, 'पोरी' काही परत आलं नाही. मलाही आता त्या 'मॅडम'ची सवय झाली आहे, आणि त्यांच्या तोंडून ते रुक्ष वाटत नाही. वाद चालला होता बाकांवरून. माझं म्हणणं, बाकं खाडीकडे तोंड करून लावावीत, माणसांना वारा लागेल. काका म्हणाले, "मॅडम, वारा लागेल आणि पावसाची झडही तोंडावरच येईल. कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून लावा."

"भिंतीकडे लावली तर खिडकी दिसणार नाही, काका. नंबर आला कसं कळणार?"

ते जाऊन खिडकीसमोर उभे राहिले. मग मान तिरकी करून भिंतीकडे बघितलं, पुन्हा खाडीकडे बघितलं. पत्रेवाला आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"मग आडवी लावू," काका म्हणाले. "एक बाजू खिडकीकडे."

मी पत्रेवाल्याला म्हटलं, "आडवी लावा."