कॉम्प्युटरवर विणलेली घोंगडी

कर्नाटकातल्या चळ्ळकेरेच्या बस स्टँडसमोर ओबळेशचा फोटो स्टुडिओ आहे. जिवंत माणसं तिथं येतात ती पासपोर्ट फोटोपुरती. ओबळेशचं घर चालतं ते मेलेल्या माणसांवर. दचकू नका, चांगला सरळ धंदा आहे. गावात कुणी गेलं की दिवस-कार्य उरकायच्या आत घरचं कुणीतरी ओबळेशच्या दारात उभं राहतं. हातात आधार कार्ड, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो. त्यात गेलेला माणूस पार कोपऱ्यात, अर्धा कान दुसऱ्याच्या पगडीमागं.

"यातनं आमचे आजोबा काढून द्या," असं म्हणतात.

ओबळेश काढून देतो. नसलेला कान लावतो, केस बसवतो, कपाळाला विभूती ओढतो आणि वर कपडेही घालतो. कॉम्प्युटरमध्ये त्यानं कपड्यांचं गाठोडंच बांधून ठेवलंय. कोट आहेत, जरीची उपरणी आहेत, रेशमी साड्या आहेत. त्याची बायको कमलाक्षी गल्ल्यावर बसते, फ्रेमा ठोकते आणि येईल त्याला ऐकवते, "जन्मभर ज्याला धड सदरा मिळाला नाही, त्याला माझा नवरा मेल्यावर कोट शिवतो बघा. आणि माप न घेता!"

हे सगळं तो करतो एका फुकटच्या प्रोग्रामवर. आधीचा चोरून घातलेला होता, तो एक दिवस जो बसला तो उठलाच नाही. मग कमलाक्षीच्या भावानं बंगळूरहून येऊन हा घालून दिला. त्याच्या चिन्हावर तोंडात कुंचला धरलेलं एक जनावर आहे. ते कोल्हाच आहे असं कमलाक्षीनं पहिल्या दिवशी ठरवून टाकलं, तेव्हापासून घरात "कोल्हा उघड", "कोल्हा अडकला" असंच चालतं.

ओबळेश जातीनं कुरुब, म्हणजे तुमच्याकडचा धनगर. बाप घोंगड्या विणायचा. घरातच जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाप मागावर, आणि घरभर मेंढीच्या लोकरीचा न् चिंचोक्याच्या खळीचा वास. तो वास कपड्याला, केसाला, दप्तराला लागायचा. शाळेत पोरं त्याला "बोकड्या" म्हणायची. मास्तरसुद्धा एकदा म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. ते काही ओबळेशच्या मनातून गेलं नाही. मिसरूड फुटायच्या आत तो माग सोडून एका फोटोवाल्याच्या हाताखाली गेला. बाप एवढंच म्हणाला, "उजेडात बसून पोट भरणार म्हणतोस? बस." आज ओबळेशच्या घरात पांघरायला सोलापुरी चादरी आहेत. घोंगडी औषधालाही सापडायची नाही.

तर त्या वर्षी पितरांची अमावास्या तोंडावर आली होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो पुसून मांडतात, नवं कापड ठेवतात, होळगी, म्हणजे तुमची पुरणपोळी, आणि मटण करतात आणि फोटोपुढं पान वाढतात. पान वाढलं नाही तर पितर दारातून उपाशी परत जातात, असं म्हणतात. खरं-खोटं कुणी बघितलंय? पण परीक्षाही कुणी घेत नाही.

रेवण्णा आपल्या आईला घेऊन स्टुडिओत आला तो याच घाईत. रेवण्णाच्या दोन लॉऱ्या आहेत, खडीचं मशीन आहे, गळ्यात साखळी आहे. बाप बीरण्णा उन्हाळ्यात गेला होता. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस, फोटो कुठून असणार? एक सापडला होता, कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतला. त्यात बीरण्णा उघड्या खांद्यानं जेवायला बसलाय आणि फोटो काढणाऱ्यावर खेकसतोय.

म्हातारी करियम्मा बाहेर बाकावर चहा पीत होती. रेवण्णा काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "ओबळेशअण्णा, कोट घाला. टाय नको, पण कोट चांगला बघून. यंदा तालुक्यातली मोठी माणसं जेवायला येणार आहेत."

ओबळेशनं फार विचार केला नाही. कोट तर रोजचाच. त्यानं बीरण्णाचं खेकसणं थोडं मऊ केलं आणि गाठोड्यातला राखाडी कोट चढवला. दोन दिवसांनी मायलेक फोटो न्यायला आले. करियम्मानं फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"ह्यो कोन?"

"अव्वा, अप्पाच आहेत," रेवण्णा म्हणाला.

"ह्यो? ह्यो कचेरीतला कारकून हाय. मुडद्यानं तोंड तेवढं माझ्या मालकाचं चोरलंय."

कमलाक्षीला हसू फुटलं, तिनं तोंडाला पदर लावला. रेवण्णाचे कान लाल झाले. "अव्वा, लोक येणारेत घरी!"

"मग लोकांस्नी वाढ की. ह्या कारकुनापुढं म्या पान वाढनार न्हाई." बोलता बोलता म्हातारीनं फ्रेम काउंटरवर पालथी घातली. "पयलीच अमावास्या हाय त्यांची. दारात येतील, आत बघतील, म्हनतील, ह्ये घर आपलं न्हवं. पयल्याच वर्साला उपाशी धाडू व्हय रं त्यांस्नी?"

ओबळेशनंच विचारलं, "आजी, मग काय घालू अंगात?"

"काय घालू म्हंजे? घोंगडी! घोंगडीबिगर कवा कुनी बघितलं त्यांस्नी?"

"ती असेल तर आणून द्या, फोटो काढतो."

"ती गेली त्यांच्यासंगं मातीत. त्यातच तर गुंडाळलं त्यांस्नी."

रेवण्णा फोनवर बोलत बाहेर निघून गेला. ओबळेश बाजारात जाऊन एका दुकानातल्या घोंगडीचा फोटो काढून आला, ती बीरण्णाच्या खांद्यावर टाकली आणि म्हातारीला दाखवली. तिनं एका नजरेत निकाल दिला. "दुकानातली हाय. मिलचं सूत. त्यांच्या घोंगडीचं सूत म्या कातलं हुतं, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं." आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली. उठायचं काही लक्षण दिसेना.

झक मारत ओबळेशनं घोंगडी करून देतो म्हणून तिला घरी धाडलं आणि कोल्हा उघडला. लोकर काढायची एक रीत त्यानं कुठल्याशा व्हिडिओत बघितली होती. कोऱ्या कागदावर वाळू भुरभुरावी तसे काळे-पांढरे दाणे टाकायचे. मग ते एका दिशेनं ओढायचे, की दाण्यांच्या रेघा होतात, म्हणजे उभा धागा. दुसऱ्या थरावर तेच आडवं ओढायचं, म्हणजे आडवा धागा. मग थरावर थर ठेवून उठाव द्यायचा. ऐकायला सोपं आहे. पहिल्या खेपेला पन्हाळी पत्रा तयार झाला. दुसऱ्या खेपेला काथ्याचं पायपुसणं.

"बीरण्णाला पायपुसणं पांघरलंत?" कमलाक्षी मागून म्हणाली. "त्यापेक्षा तो कारकून बरा होता!"

"तू फ्रेमा ठोक!"

दोन दिवस तो त्याच्याशीच झोंबत होता. पासपोर्टची गिऱ्हाइकं ताटकळली, एकाला तर त्यानं दुसऱ्याचाच फोटो दिला. शेवटी एकदाचा काळाभोर, एकसारखा, भरदार पोत जमला. ओबळेश जाम खूश. निरोप धाडून त्यानं म्हातारीला बोलावलं आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसवलं.

करियम्मा पडद्याच्या इतकी जवळ गेली की नाक लागेल. बराच वेळ बघून म्हणाली, "शिवन कुठाय?"

"कसली शिवण?"

"लेकरा, तू तर विनकराचा पोरगा ना रं? हाताच्या मागावर येवढी रुंद घोंगडी निघती व्हय? दोन पट्ट्या विनायच्या न् मधी शिवायच्या. शिवनीबिगरची घोंगडी कुनाच्या बानं विनली?"

ओबळेशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अहो, त्याची आई दारात बसून दाभणानं त्या पट्ट्या जोडायची, तेव्हा दोऱ्याचं दुसरं टोक हाच तर धरायचा! दोन दिवस लोकर पिंजल्यासारखं डोकं पिंजलं आणि शिवण मात्र आठवली नाही. कमलाक्षीनंसुद्धा या वेळी टोमणा मारला नाही.

"आजी, तुम्ही इथंच बसा," तो म्हणाला. "तुम्ही सांगा, मी करतो."

मग दुपारभर दोघं बसले. म्हातारी सांगत होती आणि ओबळेश कॉम्प्युटरचा उंदीर फिरवत होता. त्यानं पोत मधोमध कापून दोन पट्ट्या केल्या, एक जराशी खाली सरकवली आणि जाड टाके घातले. मग करियम्मा म्हणाली की काळा रंग खोटा आहे, मेंढरू काही डांबरात बुडवलेलं नसतं. त्यानं काळ्यात तांबूस केस मिसळले, मधेच एखादा करडा. मग ती म्हणाली, सूत फार सरळ आहे.

"जाड कर. अजून. आता मधीच बारीक होऊ दे. हां! तसंच हुतं त्ये. रेवण्णा अंगावर पीत हुता तवाचं सूत हाय. एका हातानं पोर धरायचं न् एका हातानं टकळी फिरवायची. मालक म्हनायचे, तुझ्या सुतात पोराच्या लाथा दिसत्यात."

बोलताना तिचा अंगठा आणि बोट मांडीवर आपोआप फिरत होतं. ओबळेशनं ते बघितलं आणि तसेच दाणे ओढले, कुठं गाठीचे, कुठं विरळ. कडेला सुटी लोकर उभी केली. मग पोताला बाक देऊन ती घोंगडी बीरण्णाच्या डाव्या खांद्यावरून खाली सोडली. खेकसणंही त्यानं होतं तसं परत आणलं, कारण म्हातारीनं तेही मागितलं. उद्या छापून तयार ठेवतो, म्हणाला. ती काठी टेकत घरी गेली.

तिन्हीसांजेला रेवण्णा एकटाच आला. लॉरी रस्त्यात तशीच उभी करून आला होता, मागून हॉर्न वाजत होते.

"ओबळेशअण्णा, एक काम करा. अव्वाला सांगा, मशीन बिघडलं, घोंगडी जमत नाही. कोटाचाच फोटो घेऊन जातो मी."

"तिला वाईट वाटेल, रेवण्णा."

"आणि मला? हॉस्टेलात माझी घोंगडीची वळकटी बाहेर व्हरांड्यात ठेवायला लावत होते. का, तर वास येतो! उद्या तीच माणसं माझ्या घरी जेवायला येणार. त्यांच्यापुढं पुन्हा तेच घोंगडं मांडू?" त्याचा आवाज चढला. "तुम्हाला नाही कळणार."

"मला बोकड्या म्हणायचे," ओबळेश म्हणाला.

खरं सांगायचं तर ओबळेशचा अर्धा जीव रेवण्णाच्याच बाजूनं होता. मशीन बिघडलं म्हणायला काय लागतं? फुकटच्या कोल्ह्यावर कसलाही आळ घ्यावा, तो थोडाच भांडायला येतोय? पण म्हातारीचा तो मांडीवर फिरणारा अंगठा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. "एकदा बघून घे," तो म्हणाला. "मग तू म्हणशील ते सांगतो तिला." आणि त्यानं पडदा रेवण्णाकडं वळवला.

रेवण्णानं बघितलं. आधी उभ्या उभ्या, मग खुर्चीवर बसून. बाहेर हॉर्न वाजतच होते.

"पावसात मेंढरं घेऊन रानात असलो," तो म्हणाला, "की अप्पा घोंगडीचं हे टोक असं वर धरायचे. आत मी, अव्वा, आणि कुणाचं तरी एक नवं कोकरू." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं, बीरण्णाच्या काखेपाशी. "माझं डोकं इथं असायचं."

ओबळेशनं तेवढाच भाग पडद्यावर मोठा केला.

"त्या कोटात मला कुठं जागा आहे हो, अण्णा?" रेवण्णा म्हणाला, आणि एवढा लॉरीवाला गडी लहान पोरासारखा मनगटानं नाक पुसायला लागला. कमलाक्षीनं उठून दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं, म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना दिसू नये.

दुसऱ्या दिवशी, अमावास्येच्या सकाळी, मायलेक दोघं आले. मोठी फ्रेम रेवण्णानंच काउंटरवरून उचलली आणि आईसमोर धरली. करियम्मानं या वेळी लांब धर, जवळ धर असं काही केलं नाही. तिनं नुसतं बघितलं आणि खांद्यावर घसरलेला पदर घाईघाईनं डोक्यावरून ओढून घेतला, घरात मालक आल्यावर घ्यायची तसा.

"आलासा?" ती म्हणाली. "चला घरला. समदी जेवायला थांबल्यात."