आधी घोडा

आमच्या घरात दसऱ्याला घोड्याने खाल्ल्याशिवाय कोणी खात नाही. शाळेत असताना मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. वर्गातल्या मुली सकाळी गाडीला हार घालायच्या आणि दुपारी श्रीखंड-पुरी जेवायच्या. आमच्याकडेही तेच व्हायचं, फक्त मधल्या वेळात पप्पा आणि मी स्कूटरवरून घोडा शोधत हिंडायचो. मी मागे बसायचे. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात रात्रभर भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा.

आमचा स्वतःचा घोडा कधीच नव्हता. पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. घोड्यातलं त्यांना काही कळत नाही. हरभरे चारताना ते हात लांब करतात आणि तोंड दुसरीकडे वळवतात.

गोष्ट मात्र त्यांना पाठ आहे. दरवर्षी स्कूटर चालवता चालवता ती ते सांगायचे. अर्धी वाऱ्यात जायची, सिग्नल लागला की नीट ऐकू यायची. पप्पांच्या आजोबांचे आजोबा नांदगावकडच्या आमच्या गावातून इंग्रजांच्या घोडदळात गेले होते. १८५७ सालच्या सुरुवातीला, आपल्याकडचा उठाव व्हायच्या आधी, इंग्रजांचं इराणशी युद्ध चालू होतं. छोटंसं युद्ध, काही महिन्यांत संपलं. त्यात खुशाब नावाच्या जागी मुंबईकडच्या घोडदळाने हल्ला केला. आदल्या रात्री पाऊस झालेला, जमीन चिखलाची. समोर इराणी पायदळाने चौकोन केला होता, म्हणजे चारी बाजूंना तोंड करून माणसं खांद्याला खांदा लावून उभी आणि प्रत्येकाच्या बंदुकीला संगीन. असा चौकोन घोडेस्वारांना सहसा फुटत नाही, कारण घोडा संगिनींवर जात नाही. आमच्या आजोबांचा घोडा गेला. उडी मारून आत पडला, तिथेच मेला, आणि तो पडला तिथे जी फट झाली तिच्यातून बाकीचे आत घुसले. आजोबा जमिनीवर, हातात मोडकी तलवार. मग एका सोबत्याने घोडा वळवून त्यांच्यापुढे रिकीब केली. रिकीब म्हणजे स्वार ज्यात पाय अडकवतो ते लोखंडी कडं. ती धरून आजोबा बाहेर आले. गावी परतल्यावर दर दसऱ्याला त्यांनी आधी घोड्याला चारलं आणि मग स्वतः खाल्लं.

‘तो घोडा आत गेला नसता ना,’ पप्पा सिग्नलला मान वळवून म्हणायचे, ‘तर तू नाही, मी नाही.’

‘पप्पा, ग्रीन झाला.’

कॉलेजला मी पुण्यात होते. एकदा होस्टेलवर बसल्या बसल्या मी खुशाब शोधलं. इंग्रजीत त्या हल्ल्याबद्दल भरपूर लिहिलेलं आहे. ओला चिखल, चौकोन, संगिनींवर उडी घेऊन आत पडलेला घोडा, मोडलेली तलवार, परत वळून रिकीब पुढे करणारा सोबती, सगळं तिथे होतं. फक्त घोडा एका गोऱ्या अधिकाऱ्याचा होता आणि रिकीब पुढे करणाराही गोरा अधिकारीच. दोघांना सगळ्यात मोठं पदक मिळालं. हिंदुस्थानी स्वार शेकड्यांनी होते, पण मला सापडलेल्या पानांवर त्यांच्यातल्या कोणाचंच नाव नव्हतं. मेलेल्या-जखमींचा नुसता आकडा होता.

मी ते दोनदा वाचलं आणि मेसमध्ये जेवायला गेले. घरी सांगितलं नाही. मी घरी तशीही कमीच बोलते, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

मधल्या काळात पप्पांना शुगर निघाली. गोळी आणि नाश्ता वेळेवर, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गेल्या दसऱ्याला त्यांनी गोळी घेतली, खाल्लं काहीच नाही, आणि घोडा शोधता शोधता ऊन डोक्यावर आलं. पंचवटीत लग्नाच्या वरातींना घोडे देणारे एक जण आहेत, त्यांच्या दारातच पप्पांना घाम फुटला आणि ते खाली बसले. घोडेवाल्यांनी त्यांना साखर खाऊ घातली. आई रिक्षाने आली. तिने पप्पांकडे पाहिलं, मग डब्याकडे.

‘पुढच्या वर्षी घोड्याआधी यांनाच चारा ते हरभरे,’ ती म्हणाली.

म्हणून यंदा मी एकटी जायचं ठरलं. पप्पांनी घरीच थांबायचं, खायचं आणि गोळी घ्यायची. पप्पांनी मान डोलावली. ते एवढ्या सहज ऐकतील असं मला वाटलं नव्हतं.

पंचवटीत पोचले तेव्हा घोडेवाले घोड्याच्या कपाळावर झेंडूची माळ बांधत होते. घोडा पांढरा, पाठीवर जरीची झूल. अनोळखी माणसाशी बोलायचं असलं की मी आधी मनात वाक्य जुळवते. ते जुळेपर्यंत त्यांनीच विचारलं.

‘बोला ताई. तारीख कोणती?’

‘तारीख नाही. मला घोड्याला चारायचंय.’

‘लग्न कोणाचंय?’

‘कोणाचंच नाही.’

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसले. ‘अरे, ते चक्कर आलेले साहेब! त्यांची मुलगी ना तुम्ही! कसे हायेत ते? चारा चारा. दुपारी एका शोरूमच्या ओपनिंगला जायचंय याला, तोवर रिकामाच हाय.’

मी डबा उघडला, तळहातावर हरभरे घेतले आणि हात पुढे केला. घोड्याने वास घेतला आणि मान फिरवली. मी दुसऱ्या बाजूला गेले. त्याने पुन्हा मान फिरवली.

‘सकाळपासून लय लोकं आली ताई,’ घोडेवाले म्हणाले. ‘कोणी पेढा, कोणी केळं. पोट टम्म झालंय त्याचं. गूळ दाखवून बघा.’

गुळालाही त्याने तोंड लावलं नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला. ‘खाल्लं का गं त्याने?’

‘नाही अजून. पप्पांनी?’

‘कसले खातायत. ताट पुढे घेऊन बसलेत. म्हणे फोन येऊ दे. गोळी पण तशीच. डोकं दुखायला लागलंय म्हणतात आणि घासाला हात लावत नाहीत.’ मग तिचा आवाज बारीक झाला. ‘ऐक, खाल्लं म्हणून सांग ना. त्यांना काय दिसतंय इथून?’

खरंच दिसणार नव्हतं. मी घोड्याकडे बघितलं. तो शेपटीने माश्या हाकत होता.

‘पप्पांना दे,’ मी म्हणाले.

पप्पांचा आवाज जड होता. ‘काय बाळा? झालं?’

‘पप्पा, तुम्ही जेवा. मला एक सांगायचंय.’ मी घोडेवाल्यांकडे पाठ फिरवली. ‘तो घोडा आपल्या आजोबांचा नव्हता. मी वाचलंय. एका इंग्रज अधिकाऱ्याचा होता. चौकोनात तो पडला, तलवार त्याची मोडली आणि रिकीबही त्यालाच दिली. सगळं छापलेलं आहे. म्हणून उपाशी राहू नका.’

 

‘कधी वाचलंस?’

‘कॉलेजला होते तेव्हा.’

‘आणि आत्ता सांगतेस.’

‘हो.’

‘आपल्या लोकांचं काय लिहिलंय?’

‘नावं नाहीत. किती मेले, किती जखमी, एवढंच.’

‘म्हणजे आजोबा तिथे नव्हते, असंही नाही लिहिलेलं.’

‘नाही.’

‘आणि त्या साहेबाच्या मागून बाकीचे आत शिरले, ते घोड्यांवरूनच ना?’

‘हो पप्पा.’

‘मग त्यांच्या घोड्यांना कोणी चारलं?’

मागे आई म्हणत होती, अहो, पुरी गार झाली. मला त्या क्षणी एवढंच कळत होतं की त्यांनी खायला हवं, आणि लगेच.

‘पप्पा, असं करू या. घरातलं कोणीतरी घोड्यासाठी थांबलं पाहिजे ना? मी थांबते. सकाळपासून मी चहासुद्धा घेतलेला नाही. तो खाईपर्यंत मी खात नाही. तुम्ही जेवा.’

‘तुला तर ही गोष्ट खोटी वाटते.’

‘आपल्या आजोबांचा घोडा वाटत नाही.’

‘मग थांबतेस कशाला?’

‘आलेच आहे इथे,’ मी म्हणाले.

पप्पा थोडे हसल्यासारखं वाटलं. मग ताट सरकवल्याचा आवाज आला, आणि भरल्या तोंडाने ते म्हणाले, ‘मागून जाऊ नकोस त्याच्या. लाथ मारतो.’ फोन आईने घेतला. ‘खातायत,’ ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी ओट्यावर बसले. घोडेवाल्यांनी चहा विचारला. मी नको म्हणाले.

‘उपास का?’

‘घोड्याचा,’ मी म्हणाले. तोंडातून गेलं खरं, मग समजावून सांगावं लागलं. त्यांनी इराण, चौकोन, रिकीब सगळं ऐकून घेतलं. मी एवढं सलग बोलले याचं मलाच आश्चर्य वाटलं. गोष्ट सांगताना मी घोडा कोणाचा ते सांगितलं नाही. नुसतं ‘एक घोडा आत गेला’ म्हणाले.

‘हा नसता गेला,’ घोडेवाले घोड्याच्या मानेवर थाप मारत म्हणाले. ‘याला बँडच्या ढोलाची भीती वाटती.’

मग त्यांनी त्याला सोडून गल्लीत एक फेरी मारून आणली. परत आल्यावर तो स्वतःच माझ्याजवळ आला आणि डब्यात नाक घालू लागला. मी घाईने हात पुढे केला. त्याचे ओठ मऊ होते, तळहाताला गुदगुल्या झाल्या. मी तोंड वळवलं नाही. अर्धे हरभरे त्याने खाल्ले, गूळ खाल्ला आणि पुन्हा मान फिरवली.

पप्पांना मेसेज केला. त्यांनी लगेच रिकाम्या ताटाचा फोटो पाठवला.

मला सपाटून भूक लागली होती. घरी पोचायला अर्धा तास तरी लागला असता. मी नळावर हात धुतले, परत ओट्यावर बसले आणि डब्यातले उरलेले हरभरे खायला लागले.

‘ताई,’ घोडेवाले म्हणाले, ‘माळ एक उरलीय. तुम्हाला बांधू का?’