साळवे बाईंची खुनाची पुस्तकं

साळवे बाई शिक्षकांच्या खोलीत खुनाची पुस्तकं उघडपणे वाचायच्या. उघडपणे म्हणजे मुखपृष्ठ आमच्याकडे करून. त्यावर हमखास पिस्तूल, रक्ताचा ओघळ आणि घाबरलेली एक बाई. आम्ही बाकीचेही काही संत नव्हतो. माझ्या पिशवीत वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली प्रेमकथा असायची, आणि गणिताचे सर भुताची पुस्तकं उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात दडवायचे. बाईंना आमचं हसू यायचं. "कव्हर पुस्तक फाटू नये म्हणून घालतात, देवधर," त्या मला म्हणायच्या. "आपली अब्रू फाटू नये म्हणून नाही."

ऐंशीच्या दशकात मी अंबरनाथच्या त्या शाळेत नवीन लागले, तेव्हा बाई नववी-दहावीला मराठी शिकवत होत्या. राहायच्या मोरिवलीत, मिस्टर तिथल्याच एका कारखान्यात फिटर. रविवारी दोघं उल्हासनगरला एका सिंधी रद्दीवाल्याकडे जायचे. एकदा मीही सोबत गेले. तो बाईंना पाहताच ओरडला, "आओ टीचर, आपके मर्डर अलग रखे हैं." बाजारातली चार माणसं वळून बघायला लागली. मी उगाच पदर सारखा केला. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पहिलं पान वाचायला घेतलं.

रद्दीतल्या पुस्तकांची शेवटची पानं पुष्कळदा गेलेली असायची. असंच एक पुस्तक त्यांनी ऑफ तासाला नववी 'क'ला वाचून दाखवलं आणि खुनी कोण ते लिहून आणायला सांगितलं. 'माझा आवडता सण'वर पाच ओळी लिहिताना ज्यांना घाम फुटायचा, त्या पोरांनी चार-चार पानं लिहून आणली. तरी एका पालकाने तक्रार केलीच.

नेमका त्याच वेळी शाळेचं ग्रंथालय कुणाकडे सोपवायचं हा प्रश्न निघाला. ग्रंथालय म्हणजे तीन कपाटं, कायम कुलपात. मुलांनी पुस्तकं खराब करू नयेत म्हणून ती मुलांना द्यायचीच नाहीत, असा आमच्याकडचा रिवाज. बाईंना ती कपाटं उघडायची होती. शाळेकडे दुसरं काही मागताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी इच्छुकांना भेटायला बोलावलं. इच्छुक दोघीच: बाई, आणि मुख्याध्यापकांच्या आग्रहाने अर्ज केलेली मी.

"आवडता लेखक विचारतील," आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं. "एखादं भारदस्त नाव सांगून टाका ना."

"खोटं बोलून किल्ली घेऊ? आणि मग पोरांना काय सांगू, खरं लिहा म्हणून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अध्यक्षांना खरं नाव सांगितलं, शंभरावर रहस्यकथा लिहिलेल्या माणसाचं. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर मला सगळं ऐकू येत होतं. अध्यक्ष मवाळपणे म्हणाले, "बाई, तुमच्या समाजाकडून आम्हाला गंभीर वाचनाची अपेक्षा असते. एवढं दुःख भोगलंय तुम्ही."

"दुःख माझ्या घरचं आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "ते मला वाचनालयातून आणावं लागत नाही. दिवसभर राबल्यावर मला खुनी सापडलेला बघायचा असतो. बाहेर कुठे सापडतो तो?"

मग मला बोलावलं. ज्याची तीस पानंही मी संपवली नव्हती, अशा एका थोर लेखकाचं नाव मी सांगितलं आणि किल्ली मला मिळाली.

बाईंनी मला एका शब्दाने टोचलं नाही. कुणाचं नाव सांगितलंस, एवढंच विचारलं, आणि म्हणाल्या, "बरं. आता टेन्शन घेऊ नको, कपाटं उघड." मी ती उघडली नाहीत. कधी पुस्तकांची यादी करायची राहिली होती, कधी अध्यक्षांची परवानगी. खरं कारण म्हणजे मी भित्री होते. दहा वर्षं ती किल्ली माझ्या पर्समध्ये पडून राहिली. मधल्या काळात बाई निवृत्त झाल्या, बदलापूरला शिरगावात राहायला गेल्या आणि दोन वर्षांत हृदयविकाराने गेल्या.

शाळेत शोकसभा झाली. तेच अध्यक्ष, आता थकलेले, बोलायला उभे राहिले. "साळवे बाईंचा अभिजात साहित्याचा व्यासंग दांडगा होता," ते म्हणाले. पहिल्या रांगेत बाईंचे मिस्टर बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मला संताप आला. ज्या आवडीपायी जिवंतपणी बाईंना नाकारलं, ती आवड हे लोक मेल्यावर पुसून टाकत होते.

कुणी नाव पुकारलं नव्हतं, तरी मी उठले. "बाई खुनाची पुस्तकं वाचायच्या. चवीने वाचायच्या. साहेबांना त्यांनी हे तोंडावर सांगितलं, म्हणून ग्रंथालय त्यांना मिळालं नाही. मला मिळालं, कारण मी खोटं बोलले. मी प्रेमकथा वाचते. आजही वाचते."

मिस्टरांनी मान वर केली. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि दोन मिनिटं शांतता पाळू या, असं सुचवलं. सगळे उभे राहिले. मी ती शांतता पाळली नाही. तशीच जिना चढून वर गेले आणि दोन कपाटं उघडली. तिसऱ्याचं कुलूप गंजलं होतं, ते तोडलं.