चतुराबाईंची गोष्ट आणि स्वप्नालीची नोकरी

घाटनांदूरच्या श्रीशैल किराणावाल्यांची स्वप्नाली बीसीए झाली, तेव्हा कॉलेजातले सर म्हणाले, "माहिती व्यवस्थापनात जा. चिकाटी आहे, टापटीप आहे. तुला जमेल." नोकरीही लागली, अंबाजोगाईतल्या एका आरोग्यसंस्थेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या वस्त्यांवर जायचं, दुखणी विचारायची आणि ऑफिसात येऊन कॉम्प्युटरमध्ये नीट लावायची. काम तिला मनापासून आवडलं. कुठं काय दुखतंय हे विस्कटलेलं सगळं एका जागी आलं, की सरकारी डॉक्टरला वस्तीवर यावंच लागेल, असं तिला वाटायचं.

चतुराबाई तिला अशाच एका वस्तीवर भेटल्या. पस्तिशीच्या असतील. बोलता बोलता त्यांनी दार लोटून घेतलं.

"पोरी, माझी गर्भपिशवी काढलीय. तवापासून कंबर धरती. पर हे कुणाला कळू देऊ नको."

"न्हाई कळणार, मावशी."

दसरा झाला आणि चतुराबाई ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत यायला तयार नव्हत्या.

"तोडीला नेणारा गहिनीनाथ मुकादम म्हनला, तुझी पिशवी काढलीय, तू उसाच्या मोळ्या कशी उचलणार? औंदा तुमची नवरा-बायकोची जोडी नको. माझ्या सासूला बी ठावं न्हाई, त्याला कुणी सांगितलं गं?"

स्वप्नालीनं त्यांना तिथंच थांबायला सांगितलं. ती तशीच संस्थेचे प्रमुख आप्पाराव यांच्या खोलीत शिरली.

"मुकादमांना आपणच दिली माहिती," आप्पाराव शांतपणे म्हणाले. "त्यांच्या ओळखीनंच तर वस्त्यांवर शिरता आलं. अन् गोळा आपण केली, म्हणजे आपलीच हाय की."

"आपली? तिच्या पोटातली गोष्ट आपली कशी झाली, सर?"

"हे बघ, या क्षेत्रात भावनेला जागा न्हाई. तुला हे काम मानवत न्हाई असं दिसतंय."

ते वाक्य तिला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. वडील समजुतीनं म्हणाले, "सोड मग. दुकानात बस माझ्याजवळ."

"का म्हणून सोडू, बाबा? चोरी त्यांनी करायची अन् घरी मी बसायचं?"

दुसऱ्या दिवशी ती वस्तीवर गेली. बायकांना गोळा करून तिनं सरळ सांगितलं, "तुमी विश्वासानं सांगितलेलं आमच्या आप्पाराव सरांनी मुकादमाला दिलंय. अन् ते लिहून घेतलं होतं मी." एकीनं तिला तोंडावर शिव्या घातल्या.  शिव्या संपल्यावर चतुराबाईच उठल्या. "हिला बोलून काय व्हतंय? ज्यानं दिलं त्याला इचारू."

बायका टेम्पो करून ऑफिसवर आल्या. आप्पारावांनी घाईघाईनं चहा मागवला. कपाला कुणी हात लावला नाही.

"आमची दुखणी आमाला वापस द्या," चतुराबाई म्हणाल्या.

आप्पारावांना कधी नव्हे तो घाम फुटला. सगळ्यांसमोर त्यांनी कॉम्प्युटरमधून बायकांची नावं पुसायला लावली. पुसायला बसली स्वप्नालीच. पण मुकादमाच्या मोबाईलमध्ये गेलेलं कोण पुसणार? त्याच संध्याकाळी तिला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नको.

चतुराबाई आणि त्यांचा नवरा शेवटी माजलगावकडच्या दुसऱ्या मुकादमाबरोबर गेले, तेही हंगाम निम्मा सरल्यावर. गहिनीनाथला कुणी जाब विचारला नाही. आप्पाराव अजून त्याच खुर्चीत आहेत.

स्वप्नालीनं मात्र क्षेत्र सोडलं नाही. दवाखान्यातल्या नोंदी सांभाळायचं शिक्षण घ्यायला ती संभाजीनगरला गेली. प्रवेशाच्या मुलाखतीत पहिली नोकरी का सुटली ते तिनं काही न लपवता सांगितलं. समोरच्यांपैकी एकजण हसून म्हणाला, "म्हणजे तुम्ही जरा अडचणीच्याच आहात."

"ज्यांना अडचण व्हायला पाहिजे, त्यांना होणारच की," ती म्हणाली.

प्रवेश मिळाला. पण त्या माणसाचं ते हसणं आठवलं, की तिच्या तळपायाची आग अजूनही मस्तकात जाते.