न घेतलेलं अपडेट

माझे साडू बसत नाहीत. म्हणजे त्यांना कंबरेचा वगैरे त्रास आहे अशातला भाग नाही. बसणं ही गोष्ट त्यांना जमतच नाही. त्यांच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना लाउडस्पीकर खरखरायला लागला, तर नवरदेव अंतरपाटामागून निघून थेट ॲम्प्लिफायरपाशी गेले आणि भटजींनी पुढचं कडवं तिथं जाऊन म्हटलं असं आमच्या सासूबाई सांगतात. यात थोडी भर असेल, पण फार नसावी. कारण परवा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो, तेव्हा नंबर येईपर्यंत त्यांनी तिथल्या दाराची कुरकुरणारी बिजागरी काढून, पुसून, परत बसवली होती आणि डॉक्टरांनी त्यांचं ब्लडप्रेशर शेवटी उभ्यानेच घेतलं. जेवताना घास तोंडात आणि हात पंख्याच्या रेग्युलेटरवर. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात ते जन्मभर मीटर आणि गेज दुरुस्त करत होते. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता तरी नेरूळच्या त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतील. खुर्ची टाकली. तिचा एक पाय डुगडुगतो म्हणून लगेच उलटी केली. मी जुईनगरला राहतो, म्हणजे हाकेच्या अंतरावर, आणि बसणं हा माझा आवडता उद्योग असल्यामुळे त्यांच्या घरी बसायचं काम मी दोघांच्या वतीने करतो.

या अस्वस्थ माणसाला पुरून उरेल असं काम मिळालं होतं ते निवृत्तीच्या कितीतरी आधी, सासूबाईंमुळे. सासूबाई कोकणात शाळामास्तरीण होत्या. काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि त्या थोरल्या लेकीकडे, म्हणजे साडूंकडे, राहायला आल्या. त्यांच्यासाठी कुणीतरी एक बोलकं यंत्र आणून दिलं. साबणाच्या वडीएवढं, पाच ठळक बटणं, आत मेमरी कार्ड, कार्डात पुस्तकं. बटण दाबलं की पुस्तक बोलायला लागतं, दुसरं दाबलं की हवी तिथं खूण घालता येते. सासूबाईंच्या अंगठ्याला ती बटणं अशी पाठ झाली की विचारू नका. आणि एक दिवस कंपनीचा मेल आला, की हे यंत्र आता आम्ही बनवणार नाही, दुरुस्त करणार नाही, त्याला सुधारणाही पाठवणार नाही, तरी फोनवर आमचं ॲप घ्यावं. सासूबाईंच्या हातात फोन दिला. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, यात धरायचं काय? पाटीला निदान कड तरी असते." बस्स. साडूंनी त्याच दिवशी शोधाशोध केली आणि त्यांना तो ग्रुप सापडला.

जगभरातली पन्नासेक माणसं त्या ग्रुपवर आहेत. कुणाची आई, कुणाचे सासरे, कुणाची बहीण हे यंत्र वापरते आणि कंपनीने टाकलेलं हे लेकरू या सगळ्यांनी मिळून सांभाळलंय. पोलंडचा एक गृहस्थ त्याचं सॉफ्टवेअर लिहितो. जळगावच्या एका बाईंनी त्याला मराठीत वेळ सांगायला शिकवलं. साडूंकडे दुरुस्ती. एकदा साडूंनी घाईघाईत भलतीच फाइल सगळ्यांना पाठवली आणि पोलंडमधल्या एका आजोबांचं यंत्र आठवडाभर "पावणेआठ वाजले" असं शुद्ध खानदेशी प्रेमाने सांगत होतं. या मंडळींत यंत्र बिघडलं असं म्हणत नाहीत, दमलंय म्हणतात. आणि नवीन अपडेट आलं की व्याही दारात आल्यासारखी धावपळ. साडू तर एरवीही कुणाला कसे आहात विचारत नाहीत, "कितवं व्हर्जन?" विचारतात. एकदा फोनवर मलाही विचारलं. मी म्हटलं, पहिलंच, आणि तेही दमलंय.

पण ग्रुपचा सगळ्यांत कडक नियम वेगळाच होता. दुरुस्त केलेलं यंत्र रिकामं परत द्यायचं नाही. आपल्या आवाजात वाचलेलं एक तरी पुस्तक आत घालून द्यायचं. म्हणजे न बसणाऱ्या माणसाला बसून अख्खं पुस्तक वाचणं आलं. साडूंनी एक जुनं प्रवासवर्णन निवडलं, हिमालयात पायी फिरलेल्या कुणाचं तरी. निदान पुस्तकातला माणूस तरी चालत होता. ड्युटीला जायच्या आधी, सकाळी, स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत त्यांनी ते वाचलं आणि सासूबाईंच्या यंत्रातही घातलं. दहा-अकरा वर्षं झाली त्याला. ते रेकॉर्डिंग म्हणजे एक चीज होती. तिकडे खिंडीत बर्फ पडतंय आणि इकडे कुकरची शिट्टी. यात्रेकरू दरीच्या काठावर उभा, तेवढ्यात साडू: "अगं, दूध बघ!" आणि आतून माझी मेव्हणी: "तुमी बघा ना, माझे हात पिठाचे आहेत!" मग धावत गेल्याचा आवाज, मग बराच वेळ पंखा, मग एकदम पुढचा परिच्छेद. मध्येच त्यांची मुलगी, तेव्हा आठवीत: "बाबा, माझी कंपासपेटी कुठाय?" ती आता हैदराबादला नोकरी करते. फोन करते तो रविवारी, आणि तोही मीटिंगच्या आधी पाच मिनिटं.

साडूंना या रेकॉर्डिंगची भयंकर लाज वाटायची. ते यंत्र मिळालेल्या घराघरांतून निरोप यायचे, दुधाचं काय झालं हो? लोक कौतुकाने विचारत, यांना ते टोमणे वाटत. तळवलीच्या आजींनी तर कहर केला होता. या आजी घणसोलीजवळच्या मूळ गावातल्या, आयुष्य शेतात गेलं, साखरेने डोळे गेले. सुनेने ग्रुपमधून यंत्र मिळवलं, साडूंनी दुरुस्त करून हिमालय घालून दिलं. त्यानंतर एकही अपडेट आजींनी आत येऊ दिलं नाही. साडू स्कूटर काढून दर खेपेला जात आणि दर खेपेला पडेल चेहऱ्याने परत येत. "पहिलं व्हर्जन!" ते मला सांगत. "अख्ख्या ग्रुपमध्ये एकटं! लाज आहे का?" जणू आजींनी घरपट्टी बुडवली होती.

निवृत्त झाल्यावर साडूंनी ते पुस्तक स्वच्छ करायला घेतलं. कॉम्प्युटरसमोर उभं राहून, कुकर कापला, दूध कापलं, पंखा कापला, कंपासपेटी कापली. जुनी प्रत ठेवली नाही. "जुनं ठेवलं की दोन व्हर्जनं होतात, टेन्शन होतं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मागच्या महिन्यात पोलंडचं नवं अपडेट आलं, त्याच्याबरोबर यांनी आपलं स्वच्छ पुस्तकही ग्रुपवर सोडलं. आणि ही शिस्तीची माणसं! आठवड्याभरात हिमालय असलेल्या सगळ्या घरांनी जुनं पुसून नवं घातलं. सासूबाईंच्या यंत्राचा नंबर एका रविवारी लागला. ते उत्तम चालत होतं, त्याला काहीही झालेलं नव्हतं. पण घरातल्याच यंत्राचा आकडा मागे, हे साडूंना सहन होईना. मी समोर बसून हिरवा दिवा बघायचं काम करत होतो. "करू ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "करा की." हे वाक्य मला अजून टोचतं.

सासूबाईंनी यंत्र कानाशी धरलं. थोडा वेळ ऐकलं. पुढे गेल्या, मागे आल्या. मग विचारलं, "यातली माणसं कुठं गेली?"

"आई, पुस्तक तेच आहे. मधली गडबड तेवढी काढली."

"मी गडबडच ऐकत होते," सासूबाई म्हणाल्या. "तो हिमालयवाला कंटाळवाणा आहे हो. मला या घरातलं काही दिसलेलं नाही. पोरीचा आठवीतला चेहरासुद्धा नाही. यात सगळं होतं, जिथं जिथं होतं तिथं मी खूण घातली होती." आणि यंत्र उशाखाली ठेवून त्या भिंतीकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे चार दिवस मी साडूंना जसं पाहिलं तसं कुणी कधी पाहू नये. त्यांनी ते कार्ड तीन-तीनदा काढून घातलं, हे करून बघ, ते करून बघ. पोलंडहून सल्ला आला, की कार्डाला अजिबात हात लावू नका, तर पुसलेलं परत मिळू शकेल. तोवर यांचा हात सहाव्यांदा लागून झाला होता. ग्रुपवर विचारलं, सगळ्या घरांतून उत्तर एकच, आम्ही तर लगेच अपडेट केलं. जळगावच्या बाई फोनवर रडल्या. आणि गुरुवारी दुपारी साडू एकदम गॅलरीत थबकले, माझ्याकडे बघून म्हणाले, "तळवली."

स्कूटरवर मागे बसून मी देवाचं नाव घेत होतो. तळवलीत आजी ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या, यंत्र पदराच्या गाठीत. पावलं ऐकूनच त्यांनी ओळखलं. "आयलास? परत तुजा नवा नंबर घेऊन आयलास ना? मना नको. माजा हाय तो बरा हाय."

"नवं नाही द्यायचं, आजी," साडू म्हणाले. "तुमचं जुनं मागायला आलोय."

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग अट घातली. यंत्र त्यांच्या मांडीवरून हलणार नाही. साडूंच्या लॅपटॉपची वायर जोडायची ती तिथंच. "आनि आदी सांग, त्या दुधाचं काय जालं? मी कवाची इचारतंय."

साडूंनी खरं सांगितलं. "उतू गेलं, आजी. सगळी शेगडी भरली."

"मना वाटलंच व्हतं," आजी समाधानाने म्हणाल्या आणि पदराची गाठ सोडली. प्रत उतरेपर्यंत साडू त्या ओट्यासमोर येरझारा घालत होते. ओट्याची एक फरशी हलत होती, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. निघताना मात्र सवयीने म्हणाले, "आजी, बॅटरी तरी नवी..." आजींनी गाठ मारली.

सासूबाईंच्या खुणा गेल्या त्या गेल्याच. त्या नव्याने घालायच्या तर पुस्तक पहिल्यापासून ऐकायला हवं. आता रोज दुपारी चारला त्या ऐकतात आणि साडू शेजारी असतात. परवा मी गेलो तेव्हा खिंडीत बर्फ पडत होतं. साडू गॅलरीतल्या त्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले होते, पुन्हा डुगडुगायला लागलेला पाय तसाच होता. शिट्टी झाली. दूध झालं. मग आतून, अगदी जवळून: "बाबा, माझी कंपासपेटी कुठाय?"

साडू अर्धे उठले. "आलो गं..." म्हणालेसुद्धा. तेवढ्यात यंत्रातून त्यांचाच आवाज "आलो, आलो" म्हणाला, पावलं लांब गेली आणि नुसता पंखा फिरत राहिला. सासूबाईंच्या अंगठ्याने खुणेचं बटण दाबलं. साडू सावकाश खाली बसले आणि त्यांनी पाठ टेकली.

"आई," ते म्हणाले, "जरा मागं घ्या."